दोन बोडिल : डेन्मार्कमधला नटनट्यांचा पुरस्कार

उत्तरवारा

आमच्या शेजारच्या डॅनिश आजींच्या बैठकीच्या खोलीत एका बाईचा जुना कृष्णधवल फोटो आहे. मान किंचित वळलेली, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. कोपनहेगनला आल्यापासून चार वर्षं मी तो त्यांच्या आईचा समजत होते. गेल्या हिवाळ्यात कॉफी पिता पिता विचारलं, तर म्हणाल्या, "ही? ही बोडिल." बस्स. आडनाव नाही की ओळख नाही. आमची पणजी नुसतं 'नारायणराव' म्हणायची आणि ऐकणाऱ्याला बालगंधर्व कळायचे, अगदी तसं.

त्या म्हणजे बोडिल क्येर. आजींनी शाळकरी वयात पैसे साठवून सर्वांत वरच्या गॅलरीचं तिकीट काढून त्यांचं नाटक पाहिलं होतं. "इतक्या वरून चेहरा दिसत नव्हता, पण त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या तरी कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय ते." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि त्यातून हा धागा सुचला.

डेन्मार्कमधला सर्वांत जुना चित्रपट पुरस्कार 'बोडिल' या नावाने ओळखला जातो. १९४८ साली तो तिथल्या चित्रपट समीक्षकांच्या संघटनेने सुरू केला आणि आजही समीक्षकच देतात. युरोपातल्या सर्वांत जुन्या चित्रपट पुरस्कारांत त्याची गणना होते. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअर दोन्ही १९५४ चे, म्हणजे हा त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. आणि त्याचं नाव दोन नटींवरून ठेवलंय : बोडिल इप्सेन आणि बोडिल क्येर.

मला सगळ्यात भिडलं ते हेच. पुरस्काराला देणगीदाराचं नाव असतं, गेलेल्या थोर माणसाचं असतं, नाहीतर एखाद्या प्राण्याचं किंवा धातूचं असतं. इथे ज्यांचं कामच चुका काढण्याचं, त्या समीक्षकांनी दोन हयात, रोज काम करणाऱ्या अभिनेत्रींचं नाव पुरस्काराला दिलं. इप्सेन तेव्हा साठीला टेकल्या होत्या, क्येर फक्त तिशीच्या. पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार बोडिल क्येर यांनाच मिळाला. चित्रपट 'सोल्डाटेन ओ येनी', म्हणजे 'सैनिक आणि येनी'. कार्ल एरिक सोया यांच्या नाटकावरून योहान याकोबसन यांनी केलेला. बेकायदा गर्भपाताच्या आरोपाखाली खटल्याला सामोरी जाणारी एक घरकाम करणारी मुलगी ही त्यातली मुख्य भूमिका. युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झालेली आणि त्या काळात हा विषय पडद्यावर. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट डॅनिश चित्रपटही तोच.

बोडिल इप्सेन यांचं काम तर आणखी अचंबित करणारं आहे. जन्म १८८९. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगभूमीवर आल्या, स्ट्रिंडबर्ग आणि इब्सेन यांच्या नायिकांनी नाव कमावलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर दिग्दर्शनाकडे वळल्या. १९४२ मध्ये, देशावर जर्मनांचा ताबा असताना, लाउ लॉरिट्झेन (धाकटे) यांच्यासोबत त्यांनी 'आफस्पोरेट' केला. डेन्मार्कमधल्या काळोख्या गुन्हेपटांची सुरुवात त्यापासून मानतात. १९४५ मध्ये मुक्ती मिळाल्याबरोबर याच जोडीने प्रतिकार चळवळीवर 'दे र्योदे एंगे' ('लाल कुरणं') केला आणि १९४६ च्या पहिल्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं.

ते ग्रां प्री त्या वर्षी अकरा चित्रपटांत विभागून दिलं होतं, आणि त्यांतला एक होता चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'. मुंबईत तयार झालेला चित्रपट आणि कोपनहेगनच्या या नटी-दिग्दर्शिकेचा चित्रपट एकाच यादीत! हे वाचलं तेव्हा मी आजींचं दार वाजवून त्यांना सांगायला गेले होते.

इथल्या पुरस्कारांबद्दल, नटनट्यांबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा. डॅनिश नावं मी कानाला जशी ऐकू येतात तशी लिहिली आहेत, सांभाळून घ्या.

तिसरी घंटा

सुंदर धागा. पाठमोरी उभी राहिली तरी कळायचं, हे वाक्य कुठल्याही नटाने लिहून ठेवावं असं आहे.

एक भर घालतो. बोडिलच्या सुरुवातीच्या दशकांतल्या याद्या पाहिल्या तर काही वर्षी अभिनयाचा एखादा विभाग कोराच दिसतो. पुरस्कार दिलेलाच नाही. त्या वर्षी त्या तोडीचं काम झालं नाही असं समीक्षकांना वाटलं, तर ते ओढूनताणून कुणाला तरी द्यायचे नाहीत. मला हे फार पटतं. मी हौशी स्पर्धांसाठी परीक्षक म्हणून चार-पाच वेळा बसलोय. "काहीही करा, पण पहिला क्रमांक द्याच" हा आग्रह आयोजकांकडून दर वेळी होतो. त्यात त्यांचा दोष नाही, पण ज्याला तो पहिला क्रमांक मिळतो त्या मुलाला मनातून माहीत असतं. पुरस्कार कोरा ठेवण्याची ताकद असेल तरच तो मिळाल्याचं वजन राहतं.

गवती चहा

छान माहिती. उच्चार नक्की काय, बोडिल की बॉडिल? आणि यातलं काही बघायचं असेल तर सुरुवात कुठून करू? घरी आईसोबत बघण्यासारखं सांगा, तिला सबटायटल भराभर वाचता येत नाहीत.

उत्तरवारा

@गवती चहा, 'बोडिल', 'बो' जरा लांबवून. आईसोबत बघायचं तर 'बॅबेट्स फीस्ट' (१९८७) बघा. संवाद कमी आहेत, जे आहेत ते सावकाश आहेत. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक गाव, धर्मोपदेशकाच्या दोन म्हाताऱ्या मुली आणि त्यांच्या घरी आसरा घेतलेली फ्रेंच स्वयंपाकीण. त्या दोघींपैकी गाणारी बहीण फिलिपा म्हणजे बोडिल क्येर, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर. दुसरी बहीण मार्टिना म्हणजे बिर्गिटे फेडरस्पिल. परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला हा पहिला डॅनिश चित्रपट. निवेदनाचा आवाज गीता नॉर्बी यांचा. हो, नाव आपल्या 'गीता'सारखंच उच्चारतात! इथे त्यांना ओळखत नाही असं माणूस सापडणार नाही.

@तिसरी घंटा, कोऱ्या वर्षांबद्दल धन्यवाद. हे आजींनाही विचारते.

फिल्लमबाज

माहिती आवडली, पण थोडं वेगळं मत मांडतो.

हा पुरस्कार डॅनिश नटनट्यांचा म्हणताय, मग गेल्या काही दशकांतली यादी बघा. १९८८ चा सर्वोत्कृष्ट अभिनेता 'पेले' या चित्रपटासाठी माक्स फॉन सिडो, स्वीडिश. 'ब्रेकिंग द वेव्ह्ज'साठी एमिली वॉटसन, इंग्लिश. 'डान्सर इन द डार्क'साठी ब्यर्क, आइसलँडची आणि मुळात गायिका. 'अँटिख्रिस्ट'साठी २०१० मध्ये शार्लट गेन्सबर्ग आणि विलेम डेफो, दोघंही बाहेरचे, आणि चित्रपटाची भाषा इंग्रजी. गेन्सबर्गला नंतर 'निम्फोमॅनिअ‍ॅक'साठी पुन्हा. डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर इंग्रजीत चित्रपट करतो, बाहेरून नट आणतो आणि घरचा पुरस्कारही तेच घेऊन जातात.

२०१० चंच बघा. आदल्या वर्षी 'अप्लाउस' आला होता. पाप्रिका स्टेन त्यात दारूतून बाहेर पडू पाहणारी रंगभूमीवरची नटी आहे. त्यात मधूनमधून येणारे नाटकाचे प्रवेश तिच्या खऱ्या रंगमंचीय प्रयोगातले आहेत. नाटक आणि सिनेमा दोन्ही एकाच बाईच्या अंगात कसे राहतात, हे दाखवणारं त्याहून चांगलं काम मला तरी आठवत नाही. बोडिल गेलं गेन्सबर्गकडे. साठेक लाख लोकांच्या भाषेतल्या नटांना आपल्या घरी तरी हक्काची जागा नको का?

चौकोनी खिडकी

@फिल्लमबाज, 'अप्लाउस'बद्दल पूर्ण सहमत. आरशासमोर बसून ती मेकअप पुसते तेव्हा पुसताना चेहऱ्यावर काय काय येऊन जातं! पण बाकीच्याशी सहमत नाही.

समीक्षकांनी चित्रपट बघितला आणि त्यातलं काम जोखलं. माक्स फॉन सिडो 'पेले'मध्ये गरीब, म्हातारा, भेदरट स्वीडिश मजूर आहे, काम शोधायला मुलाला घेऊन डेन्मार्कला आलेला. तो माणूस स्वीडिशच असायला हवा होता. मजुरांचा तो इतिहास डेन्मार्कचाच आहे. त्याला घरच्या समीक्षकांनी आपलं म्हटलं यात मला मोठेपणा दिसतो.

आणि घरच्यांना डावललंय असं नाही. १९९९ ची यादी आठवा. 'फेस्टेन'साठी उलरिक टॉमसन, 'इडिओटर्ने'साठी बोडिल यॉर्गनसन. दोन्ही डॉग्मा चित्रपट, म्हणजे स्वतःवर कडक नियम घालून केलेले. हातात धरलेला कॅमेरा, बाहेरून आणलेले दिवे नाहीत, मागून जोडलेलं संगीत नाही. म्हणजे नटाला लपायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. 'फेस्टेन'मध्ये टॉमसन उठून उभा राहतो, पेल्यावर चमचा वाजवतो आणि वडिलांच्या साठाव्या वाढदिवसाचं भाषण सुरू करतो. आवाज अगदी सपाट. एकही शब्द ओढून म्हणत नाही. जेवणाच्या टेबलावरच्या लोकांना आपण काय ऐकलं ते कळायला वेळ लागतो, आपल्यालाही लागतो. हे सिनेमातलं कमी आणि रंगमंचावरचं जास्त काम आहे. पुढे त्याच गोष्टीचं नाटक झालं आणि ते देशोदेशी होतंय, त्याचं मला जराही आश्चर्य वाटत नाही.

शिवाय बोडिलला बोडिल मिळालं, हेही आहेच! आधी क्येर, मग १९६० च्या चित्रपटासाठी स्वतः इप्सेन, मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या 'फ्रू क्नुसन'वाल्या चित्रपटासाठी बोडिल उडसन आणि नंतर यॉर्गनसन.

प्रॉम्प्टर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. या धाग्याने लिहायला लावलं.

बोडिल इप्सेनचं नाव आलं की मला पॉल रॉयमर्ट आठवतो, कारण स्ट्रिंडबर्गच्या 'मृत्यूचं नृत्य'मध्ये दोघांनी नवराबायकोची जी जोडी उभी केली ती डॅनिश रंगभूमीच्या इतिहासात अजून सांगितली जाते. एकमेकांना आयुष्यभर टोचत राहिलेलं जोडपं. पुढे रॉयमर्टच्या नावानेही पुरस्कार सुरू झाला, तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, आणि तो पूर्णपणे रंगभूमीचा आहे. म्हणजे नाटकातली ही जोडी पुरस्कारांतही जोडीनेच उरली. एक रंगमंचाची, एक पडद्याची.

रॉयमर्टचा जन्म १८८३ चा, मृत्यू १९६८ चा. माणूस असा तयारीचा की मोलिएरचा तार्त्युफ फ्रेंच भाषेत, पॅरिसमध्ये, कोमेदी फ्रांसेझच्या रंगमंचावर करून आला. दुसऱ्याच्या भाषेत, ती ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यापुढे, त्यांच्या सर्वांत लाडक्या नाटककाराचं काम! आमच्या पिढीतल्या हौशी नटांना याचा अर्थ लगेच कळेल. आपल्याकडे विदर्भातला नट पुण्यात भावे स्कूलच्या वळणाचं मराठी बोलायचा तरी छातीत धडधड व्हायची.

पण मला त्याचं आवडतं काम मूकपटातलं आहे. १९१० चा 'आफग्रुंडन' ('दरी'), दिग्दर्शक उरबान गाड, नायिका आस्टा नील्सन. तिचं हे पहिलंच चित्रपटकाम, आणि त्याने ती जगभर पोचली. त्यात एका रंगमंचावर नाच आहे. काळ्या घट्ट पोशाखातली आस्टा दोराने रॉयमर्टला बांधते आणि त्याच्याभोवती फिरत नाचते. तो जवळजवळ हलत नाही. नुसता उभा. नाचणारी सगळी ती, पण खिळून ठेवतो तो न हलणारा नट. मी हा तुकडा एका फिल्म सोसायटीच्या शिबिरात पाहिला. प्रोजेक्टरचा आवाज सोडून खोलीत दुसरा आवाज नव्हता. एकशे दहा वर्षांनंतर 'द्रुक' या डॅनिश चित्रपटाच्या शेवटी माड्स मिकेल्सन बंदराच्या धक्क्यावर नाचला आणि त्याला बोडिल मिळालं, तेव्हा मला हाच नाच आठवला. मिकेल्सनही नट होण्याआधी कित्येक वर्षं व्यावसायिक नर्तक होता. अंग आधी, शब्द नंतर, अशी ही त्यांच्याकडची घडण दिसते.

@उत्तरवारा, तुमच्या आजी म्हणाल्या तेच हे. पाठमोरं उभं राहणं.

कृष्णाकाठ

प्रॉम्प्टरकाका, तुमचा प्रतिसाद आला की धागा वाचायचा हे ठरलेलं आहे.

मी सांगलीची, त्यामुळे नटाचा पुरस्कार म्हटलं की ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन आणि विष्णुदास भावे गौरवपदक. लहानपणी वडिलांबरोबर जायचे. सत्कार व्हायचा तो नट किंवा नटी बहुतेक वेळा पांढऱ्या केसांची असायची, कारण ते पदक आयुष्यभराच्या रंगसेवेचं आहे. बोडिलचं वाचताना फरक जाणवला तो असा की बोडिल एका भूमिकेचं आहे. त्यामुळे ते तिशीतल्या मुलीलाही मिळतं. विसाव्या वर्षाच्या आतही मिळालंय का कुणाला?

चौकोनी खिडकी

@कृष्णाकाठ, हो! ट्रिने ड्यूरहोल्म. 'स्प्रिंगफ्लोड' हा १९९० चा चित्रपट, तिचं पदार्पण. बोडिल मिळालं तेव्हा ती विशीचीही नव्हती. त्याआधी चौदाव्या वर्षी तिने गाण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला होता, तेवढ्यावर पॉपगायिका म्हणून आयुष्य निघालं असतं. ती मग रीतसर नाट्यशिक्षण घ्यायला गेली. 'फेस्टेन'मधली ती वाढपी मुलगी पिया म्हणजे ट्रिने. २०१६ मध्ये बर्लिनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वलही मिळवलं. विशीच्या आत कौतुक झालेल्या किती मुली पुढे इतकं सातत्याने काम करू शकतात? लवकर मिळालेलं बोडिल तिला जड झालं नाही.

समुद्रपक्षी

मी जहाजावरचा माणूस, सिनेमातलं फार कळत नाही. पण वर लॉरिट्झेन नाव वाचलं आणि थबकलो. तांबडीलाल जहाजं असलेली डॅनिश जे. लॉरिट्झेन कंपनी तीच का? आमच्या पिढीतल्या दर्यावर्दींना ते नाव चांगलंच माहीत आहे. बर्फातल्या समुद्रात जाणारी त्यांची जहाजं प्रसिद्ध होती. दिग्दर्शक त्याच घराण्यातले?

उत्तरवारा

@समुद्रपक्षी, फार चांगला प्रश्न. नाही. दिग्दर्शक लाउ लॉरिट्झेन हे सिनेमावाल्या घरातले, त्यांचे वडीलही त्याच नावाचे दिग्दर्शक. जहाजवाले लॉरिट्झेन एस्बिअर्गचे, १८८४ पासूनचे.

पण गंमत बघा, त्या जहाजवाल्यांच्या नावाचाही अभिनयाचा पुरस्कार आहे! लॉरिट्झेन पुरस्कार, पूर्वीचं नाव हेंकेल पुरस्कार. कंपनीमागच्या प्रतिष्ठानातर्फे दर वर्षी देतात आणि तो रंगभूमी व पडदा असे दोन्हीकडचे नट धरून असतो. तुम्ही लाल जहाजांबद्दल लिहिलंत म्हणून हे लिहायला मिळालं.

नवीन वाचकांसाठी सगळे एकदा सांगते, कारण मीही सुरुवातीला गोंधळायचे. बोडिल समीक्षकांचं. रॉबर्ट हा चित्रपट अकादमीचा, म्हणजे त्याच धंद्यातली माणसं मतदान करतात. तो १९८४ पासून आहे आणि नाव रॉबर्ट याकोबसन या शिल्पकाराचं, ज्यांनी ती मूर्ती घडवली. रॉयमर्ट रंगभूमीचा. लॉरिट्झेन दोन्हीकडचा. 'द्रुक'च्या वेळी मिकेल्सनला बोडिल आणि रॉबर्ट दोन्ही मिळाले, म्हणजे बघणाऱ्यांचं आणि करणाऱ्यांचं एकमत झालं.

@फिल्लमबाज, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवतेय. 'अप्लाउस'चं वाईट मलाही वाटतं. पण एक सांगते. एमिली वॉटसन 'ब्रेकिंग द वेव्ह्ज'च्या आधी रंगभूमीवर काम करत होती, तिचा तो पहिला चित्रपट. कॅमेऱ्यापुढे नवखी असलेल्या नाटकातल्या मुलीला इतकं सर्वस्व ओतून काम करू देणं ही डॅनिश चित्रपटाची जुनी सवय आहे. पासपोर्ट इंग्लिश असेल, तिच्याकडून काम करून घेण्याची रीत इथलीच आहे. म्हणून मला ते बोडिल परकं वाटत नाही. ब्यर्कच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने झुकते. ती भूमिका तिच्या गाण्याने तरली आहे, असं मला वाटतं.

फिल्लमबाज

@उत्तरवारा, वॉटसनबद्दलचं मान्य. ब्यर्कवर आपलं एकमत झालं हे बरं झालं. मूळ मुद्दा मी सोडत नाही, पण 'पेले'बद्दल चौकोनी खिडकीने लिहिलंय ते वाचून पुन्हा बघणार आहे.

तिसरी घंटा

'ओर्डेट'चा उल्लेख अजून कसा आला नाही? नाटक, सिनेमा, बोडिल, तिन्ही त्यात आहे.

उत्तरवारा

@तिसरी घंटा, त्याच्यासाठी वेगळं बसायचं होतं. आता बसले.

इथे गोथर्सगाडेवर फिल्म इन्स्टिट्यूटचं सिनेमाटेक आहे. तिथे 'ओर्डेट' ('शब्द') पाहिला, आजींना घेऊन गेले होते. कार्ल ड्रायर यांचा १९५५ चा चित्रपट. मूळ नाटक काई मुंक यांचं. ते पश्चिम किनाऱ्यावरच्या वेडरसे गावचे धर्मोपदेशक. व्यासपीठावरून जर्मनांविरुद्ध बोलत राहिले आणि जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोने त्यांना घरातून नेऊन ठार केलं. ड्रायर यांनी चित्रीकरणाचा काही भाग त्याच वेडरसेत जाऊन केला. त्या वर्षी व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला. घरी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं बोडिल विभागून, आणि अभिनयाची दोन्ही मुख्य बोडिल याच चित्रपटाला : एमिल हास क्रिस्टेन्सन आणि बिर्गिटे फेडरस्पिल. हो, गवती चहा, 'बॅबेट'मधली मार्टिना ती हीच, बत्तीस वर्षं आधीची.

फेडरस्पिल यात इंगर आहे, घरातली मोठी सून. सगळ्यांना सांभाळून घेणारी, सासऱ्याला कॉफी देताना हळूच त्याचा राग उतरवणारी. मग ती बाळंतपणात जाते. चित्रीकरणाच्या वेळी फेडरस्पिल खरोखर गरोदर होत्या, आणि त्यांच्या खऱ्या बाळंतपणातलं कण्हणं ड्रायर यांनी ध्वनिमुद्रित करवून घेतलं, तेच चित्रपटात आहे. मला हे नंतर कळलं. सिनेमागृहात मी फक्त एवढं अनुभवलं की माझ्या शेजारी बसलेल्या, तीन मुलांची आई असलेल्या आजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

शेवटी पांढऱ्या खोलीत शवपेटी आहे. इंगर त्यात. नवरा, म्हणजे क्रिस्टेन्सन, इतका वेळ कोरडा उभा असतो आणि मग एकदम ढासळतो, हुंदक्यांनी त्याचा सगळा देह हलतो. आणि नंतर जे होतं ते आधी तिच्या बोटांत होतं. छातीवर एकात एक गुंफलेली बोटं हळूच सुटू लागतात. चेहरा नंतर. ती उठते आणि नवऱ्याच्या गालाला ओठ लावते ते भुकेल्या माणसासारखे. त्यात देवपण काही नाही. माणूस माणसाकडे परत येतो, एवढंच. इतका अवघड प्रसंग दोन नटांच्या जिवावर उभा आहे, आणि समीक्षकांनी त्या दोघांनाही पुरस्कार दिला. मला त्या यादीचा अभिमान वाटतो, माझा देश नसूनही.

आणखी एक. त्याच चित्रपटातला पेटर शिंपी, इंगरच्या घराशी धर्मावरून वाकडं असलेला, तो आहे आयनर फेडरस्पिल. बिर्गिटेचे सख्खे वडील.

प्रॉम्प्टर

बोटांचं लिहिलंत ते वाचून थांबलो. आम्हाला एक जुने दिग्दर्शक सांगायचे, मेलेल्याचं काम करताना श्वास सगळेच धरतात, बोटं सांभाळायला कुणी शिकत नाही.

कृष्णाकाठ

वडील-मुलीचं माहीत नव्हतं. या शनिवारी 'ओर्डेट'.

चौकोनी खिडकी

बोडिल इप्सेन यांच्याबद्दल अजून एक जोडतो, नाहीतर त्या नुसत्या पुरस्काराच्या नावापुरत्या राहतील. १९५१ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं बोडिल त्यांच्या आणि लॉरिट्झेन यांच्या 'काफे पाराडीस'ला गेलं. विषय दारूचं व्यसन. बरोबर सत्तर वर्षांनी, २०२१ मध्ये, 'द्रुक'साठी मिकेल्सनला. तोही दारूचाच, पण व्यसनाच्या काठाकाठाने चालणारा. दोन्ही लागोपाठ बघितले तर एका समाजाने आपल्या पेल्याकडे दोन वेळा कसं बघितलं ते कळतं. जुन्यात डोळ्यांत अंजन घालायची घाई आहे. नव्यात नटावर भरवसा आहे.

गवती चहा

काल रात्री आईबरोबर 'बॅबेट्स फीस्ट' बघितला. आधी तिला वाटलं फार संथ आहे. कासव आणि लावे स्वयंपाकघरात आले तेव्हा ती उठून जाईल असं वाटलं, पण नाही उठली. जेवण सुरू झाल्यावर पुढे सरकून बसली.

शेवटी बॅबेटने सगळे पैसे खर्च करून टाकलेत हे कळतं, तेव्हा मार्टिना आता तू आयुष्यभर गरीब राहणार म्हणते. आणि फिलिपा जवळ येते. ती बोलते आणि बॅबेटला मिठी मारते. आई म्हणाली, "मागे घे जरा." तीन वेळा बघितलं. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "हिने स्वतः गाणं सोडलंय ना? म्हणून हिलाच कळलं." मी तोवर तरुणपणीची ती फ्रेंच गायकाकडची शिकवणी आणि शेवटची ही मिठी एकत्र जोडलीच नव्हती.

सबटायटल तिने निम्मीच वाचली होती.

उत्तरवारा

@गवती चहा, हे आत्ताच शेजारी जाऊन आजींना डॅनिशमध्ये सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुझ्या मैत्रिणीची आई नटी आहे का?" नाही म्हटलं. त्यांनी भिंतीवरचा तो फोटो काढून माझ्या हातात दिला, मागची बाजू बघायला. पेन्सिलीने १९५७ लिहिलंय आणि खाली तिकिटाची किंमत.